ऑनलाइन बाजारातला शेजारी

१९०४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे बर्फाचा एक वाद आला. बर्फ बनवणाऱ्या कंपन्यांनी आपसांत करार केला होता की ठरलेल्या भावाखाली कुणी बर्फ विकायचा नाही आणि नफा ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं सत्ताविसावं कलम सांगतं की कुणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो. बर्फवाल्यांचा करार त्या कलमात सापडतो का, एवढाच प्रश्न होता आणि न्यायालयाने सापडत नाही असं ठरवलं. 'फ्रेझर विरुद्ध बॉम्बे आइस' या नावाने हा निकाल कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत आजही असतो. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी या शहरात एकाच मालाचे विक्रेते एकत्र बसून भाव बांधू शकत होते आणि कायदा आड येत नव्हता. तोच करार आज कुणी केला तर जबर दंड होईल. विक्रेत्यांनी भेटणं तेव्हाही चालत होतं आणि आजही चालतं. भेटून काय ठरवायचं, याबद्दलचं कायद्याचं मत मात्र पार पालटलं. ऑनलाइन बाजारात माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना हा फरक कुणी नीट समजावून सांगितलेला नाही. त्यामुळे एखादा विक्रेता दुसऱ्याला साधा फोन करायलाही कचरतो, तर दुसरा एखादा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निर्धास्तपणे भाव ठरवून मोकळा होतो. पहिला विनाकारण भितो, आणि दुसऱ्याला आपण किती मोठी जोखीम घेतोय याची कल्पना नसते.

ऑनलाइन विक्रेत्यांनी एकमेकांशी थेट बोलणं कायद्याला मान्य आहे, आणि ते गरजेचंही आहे, असं माझं ठाम मत आहे. मुंबईचा बाजार मुळात याच पायावर उभा राहिला. सोन्यासाठी झवेरी बाजार, कापडासाठी मूळजी जेठा आणि मंगळदास मार्केट, साड्यांसाठी हिंदमाता, इलेक्ट्रॉनिक सामानासाठी लॅमिंग्टन रोड, फुलांसाठी दादर स्टेशनबाहेरचं फूल मार्केट, मसाल्यासाठी आणि चिवड्यासाठी लालबागच्या गल्ल्या. एकाच मालाची दुकानं भिंतीला भिंत लावून उभी आहेत आणि त्यांच्यात दिवसभर बोलणं चालू असतं. सुटे पैसे मागितले जातात, संपलेला माल शेजारून आणून गिऱ्हाइकाला दिला जातो. कुठला घाऊक व्यापारी वजनात मारतो, कुठल्या गिऱ्हाइकाची उधारी बुडीत आहे, मिरची यंदा कुठून चांगली येतेय, ही माहिती गल्लीत फिरत राहते. तरीही लालबागला मसाला घ्यायला गेलेली बाई चार दुकानांत भाव विचारते, घासाघीस करते आणि हवा तिथे घेते. इथली चुरस दुकानदारांच्या अबोल्यावर चालत नाही. गिऱ्हाईक दहा पावलं पुढे जाऊ शकतं, हेच तिचं बळ आहे. देशातला एक मोठा चुरशीचा बाजार तरी कसा घडला? टाउन हॉलजवळच्या झाडाखाली जमणाऱ्या, एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या दलालांनी १८७५ मध्ये 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन' काढली आणि व्यवहाराचे समान नियम घालून घेतले. त्यातूनच मुंबई शेअर बाजार उभा राहिला.

ऑनलाइन बाजारात माणसं वेगळ्या तऱ्हेने मांडलेली असतात. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट किंवा मीशोवर कांदा-लसूण मसाला शोधला, की पडद्यावर विक्रेते एकाखाली एक दिसू लागतात, गल्लीतल्या दुकानांपेक्षाही जवळ. पण परळचा विक्रेता त्याच्या वरच्या आणि खालच्या विक्रेत्याला ओळखत नाही. कुणाचा माल किती खपतो, किती परत येतो, कुणाचे पैसे किती दिवसांनी सुटतात, कुणाकडून किती कमिशन कापलं जातं, हे सगळं एकत्र दिसतं ते फक्त बाजार चालवणाऱ्या कंपनीला. विक्रेत्याच्या समोर फक्त स्वतःचा हिशेब असतो. त्याचं खातं एखाद्या सकाळी बंद पडलं, तर हे आपल्याच चुकीने झालं की शंभर जणांचं झालंय, हे कळायलाही त्याला मार्ग नाही. गल्लीतल्या दुकानदाराला हे शेजारी क्षणात सांगेल. माहितीचं हे एकतर्फी साठणं ही ऑनलाइन धंद्यातली सगळ्यात मोठी विषमता आहे, आणि विक्रेत्यांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय ती कमी होण्याचा दुसरा उपाय मला दिसत नाही.

मग दुसऱ्या विक्रेत्याचा ठावठिकाणा काढून त्याला फोन करणं बेकायदा आहे का? अजिबात नाही. उलट तो ठावठिकाणा उघड ठेवायला कायद्यानेच सांगितलं आहे. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे बाजार चालवणाऱ्या कंपनीने प्रत्येक विक्रेत्याच्या धंद्याचं नाव, पत्ता आणि ग्राहकसेवेचा क्रमांक गिऱ्हाइकाला खरेदीआधीच दिसेल असा ठेवायचा असतो. वजनमापाच्या नियमांनुसार मसाल्याच्या पाकिटावर तो बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता छापावा लागतो, आणि १ जानेवारी २०१८ पासून असा बराचसा तपशील ऑनलाइन जाहिरातीतही द्यावा लागतो. वैयक्तिक माहितीच्या गोपनीयतेचा मुद्दा इथे काढला जातो. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, दुसऱ्या एखाद्या कायद्याच्या बंधनामुळे जाहीर करावी लागलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. दुकानाची पाटी वाचून आत जाण्यात गैर काही नसतं, तसंच हे. फक्त एक मर्यादा पक्की धरून ठेवावी. उघड आहे तो विक्रेत्याचा पत्ता, त्याच्या गिऱ्हाइकांचा नव्हे. कुरियरच्या माणसाला पैसे देऊन दुसऱ्याच्या गिऱ्हाइकांची यादी मिळवणं, किंवा स्वतः गिऱ्हाईक असल्याचं भासवून प्रतिस्पर्ध्याच्या मालावर वाईट अभिप्राय लिहिणं, यांना संपर्क म्हणत नाहीत. खोट्या गिऱ्हाइकाच्या नावाने अभिप्राय लिहायला तर त्याच २०२० च्या नियमांनी विक्रेत्यांना थेट मनाई केली आहे.

बाजार आमचा आहे आणि नियमही आमचेच, असं कंपन्या म्हणू शकतात. त्यात तथ्य आहे. विक्रेता खातं उघडताना करार मान्य करतो आणि तो त्याला बांधील असतो. पण मोठ्या कंपन्यांच्या नियमांचा रोख कशावर असतो ते पाहिलं पाहिजे. बाजारातलं गिऱ्हाईक बाहेर पळवणं, खोटे अभिप्राय, दुसऱ्याच्या मालाच्या पानात ढवळाढवळ, कमिशन चुकवणं यांवर त्यांचा कटाक्ष असतो, आणि तो योग्यच आहे. दोन विक्रेत्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही, हा त्यांच्या नियमांचा गाभा नाही. ट्रेडमार्क किंवा कॉपीराइटची तक्रार आली, तर अ‍ॅमेझॉन ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या विक्रेत्याला तक्रारदाराचा ईमेल पत्ता देते आणि आपसांत मिटवून तक्रार मागे घ्यायला सांगण्याचा मार्ग सुचवते. म्हणजे वाद मिटवायची वेळ आली की थेट बोलणं हाच जवळचा रस्ता, हे कंपनीलाही पटलेलं आहे. उद्या एखाद्या कंपनीने विक्रेत्यांना एकमेकांशी बोलायला सरसकट बंदी घातलीच, तर? संघटना करण्याचा घटनेच्या एकोणिसाव्या कलमातला हक्क इथे थेट कामाला येणार नाही, कारण तो मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो, खासगी करारावर सहसा नाही. स्पर्धा अधिनियम मात्र कामाला येईल. बाजारात वरचढ असलेल्या कंपनीने अन्याय्य अटी लादू नयेत, असं त्याचं चौथं कलम सांगतं. त्याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने स्पर्धा आयोगाकडे तक्रार करण्याचा अधिकार व्यापारी संघटनांना नाव घेऊन दिला आहे. एकमेकांशी न बोलता संघटना होत नसते. व्यापारी आपसांत बोलणारच, हे या कायद्याने गृहीत धरलं आहे.

बोलण्याची पहिली गरज बहुतेकदा भांडणातूनच येते. ऑनलाइन विक्रेत्यांत 'लॅचिंग' हा शब्द आता रुळला आहे. एकाने फोटो काढून, वर्णन लिहून, अभिप्राय मिळवत मालाचं पान उभं करायचं आणि दुसऱ्याने आपणही हाच माल विकतो असं सांगून त्याच पानाला चिकटायचं, दोन रुपये कमी लावायचे आणि ऑर्डरी पळवायच्या. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये, फ्लिपकार्टवर विकणाऱ्या एका कपड्यांच्या विक्रेत्याच्या दाव्यात, परवानगीशिवाय असं चिकटणं म्हणजे दुसऱ्याच्या नावावर स्वतःचा माल खपवणं होय असं म्हटलं. अशा वेळी दावा लावण्याआधी त्या विक्रेत्याला पत्र पाठवणं शहाणपणाचं ठरतं. आपलं नोंदणीकृत नाव कोणतं, तो कोणतं पान वापरतोय, ते किती दिवसांत सोडावं, एवढं स्वच्छ शब्दांत लिहावं. पण पत्र लिहिण्याआधी स्वतःची बाजू तपासावी. समोरच्याने अस्सल माल रीतसर विकत घेऊन पुन्हा विकायला ठेवला असेल, तर ट्रेडमार्क कायद्याचं तिसावं कलम सर्वसाधारणपणे त्याच्या बाजूने उभं राहतं, आणि त्याला ट्रेडमार्कच्या नावाने दम देणं उलटू शकतं. निराधार कारवाईची धमकी मिळालेल्या माणसाला त्याच कायद्याच्या १४२ व्या कलमाखाली धमकी देणाऱ्यावरच दावा लावता येतो, मनाईहुकूम मागता येतो, नुकसानभरपाई मागता येते. आणि 'इतके पैसे दे म्हणजे तक्रार मागे घेतो' ही भाषा सुरू झाली, की प्रकरण व्यापाराच्या हद्दीतून निघून भारतीय न्याय संहितेतल्या खंडणीच्या कलमाजवळ पोहोचतं. मुंबईत तर त्या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

खरी धोक्याची जागा मात्र भांडणात नसून मैत्रीत आहे, आणि ती नीट ओळखायची तर दोन पोस्टर विक्रेत्यांची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. ब्रिटनमध्ये ट्रॉड आणि जीबी आय या दोन कंपन्या अ‍ॅमेझॉनवर सिनेमा-संगीतातल्या ताऱ्यांची पोस्टरं आणि फ्रेम विकत होत्या. सारखाच माल, सारखंच गिऱ्हाईक. रोज एकमेकांपेक्षा दोन पैसे खाली यायचं, यात दोघांचाही नफा आटत होता. म्हणून २०११ मध्ये त्यांनी ठरवलं की तिसरा कुणी स्वस्त विकत नसेल तोवर आपण एकमेकांचा भाव फोडायचा नाही. रोज बसून भाव बघणं जमणारं नव्हतं, तेव्हा भाव आपोआप बदलणारं सॉफ्टवेअर त्या बेतानेच लावलं. २०१५ च्या उन्हाळ्यापर्यंत हे चाललं. मग जीबी आयने स्वतः जाऊन स्पर्धा प्राधिकरणाला सगळं सांगितलं आणि ती दंडातून सुटली. ट्रॉडला २०१६ मध्ये १ लाख ६३ हजार ३७१ पौंड दंड झाला, आणि तिच्या एका संचालकाला पाच वर्षं कुठल्याही कंपनीचं संचालकपद घ्यायला बंदी झाली. अमेरिकेच्या न्याय खात्यानेही २०१५ मध्ये पोस्टरच्याच धंद्यातल्या अशाच संगनमताबद्दल फौजदारी खटला भरला होता. माल किरकोळ होता, कंपन्या छोट्या होत्या, कुणी मोठ्या हॉटेलात गुप्त बैठका घेतल्या नव्हत्या. 'आपण कशाला एकमेकांची मान कापायची' या अगदी माणुसकीच्या वाटणाऱ्या विचारातून गुन्हा घडला होता.

आपल्या स्पर्धा अधिनियमाचं तिसरं कलम हेच पकडतं. एकाच मालाच्या विक्रेत्यांनी आपसांत भाव ठरवणं, मालाचा पुरवठा अडवणं, इलाखे किंवा गिऱ्हाइकं वाटून घेणं आणि निविदांमध्ये संगनमत करणं, यांमुळे स्पर्धेला बाधा येते असं कायदा धरूनच चालतो. तसं नाही हे दाखवण्याचं ओझं विक्रेत्यांवर पडतं. करार कागदावर असावा लागत नाही. तोंडी समजूत पुरते, मान हलवलेली पुरते. दंड नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या दहा टक्के, यातला जास्त असेल तितका होऊ शकतो, तोही संगनमत चाललेल्या प्रत्येक वर्षासाठी, आणि जबाबदार माणसांवर वेगळा. संघटना जुनी आणि प्रतिष्ठित असली म्हणून सूट मिळत नाही. औषध विक्रेत्यांची देशव्यापी संघटना, ऑल इंडिया ऑर्गनायझेशन ऑफ केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स, हिचं मुख्य कार्यालय मुंबईत. नवा घाऊक विक्रेता नेमायचा तर औषध कंपनीने संघटनेचं ना-हरकत पत्र घ्यायचं, दुकानदारांचं मार्जिन संघटनेने ठरवायचं, न ऐकणाऱ्या कंपनीवर बहिष्कार टाकायचा, अशी रीत पडून गेली होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्पर्धा आयोगाने तिला सुमारे ४७ लाख रुपये दंड केला. औषध विक्रेत्यांनी संघटित होणं आयोगाला खटकलं नव्हतं. बाजारात कोण येणार आणि किती मार्जिन घेणार, हे संघटनेने ठरवणं खटकलं होतं.

नुसतं भेटल्यामुळे माणूस दोषी ठरत नाही, याचाही दाखला आहे आणि त्याचा धागा मुंबईतूनच जातो. इंडियन ऑइलच्या गॅस सिलिंडरच्या निविदा २०१० मध्ये निघाल्या. निविदा भरायच्या आदल्या एक-दोन दिवसांत सिलिंडर बनवणाऱ्या अनेक कंपन्यांचे प्रतिनिधी मुंबईतल्या एका हॉटेलात भेटले होते, आणि नंतर कितीतरी निविदांतले भाव एकसारखे निघाले. स्पर्धा आयोगाने संगनमत मानून दंड केला. १ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. खरेदीदार मोजकेच, माल एकसारखा, बनवणारे थोडे आणि मागच्या वर्षीचे भाव सगळ्यांना ठाऊक. अशा बाजारात संगनमताशिवायही भाव सारखे येऊ शकतात, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. या निकालाचा आधार घेऊन कुणी बेसावध होऊ नये. त्या कंपन्यांना निर्दोष ठरायला कित्येक वर्षं आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंतची फेरी लागली, आणि हे परवडणारा मसालेवाला लालबागमध्ये सापडणं कठीण आहे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमुळे हा धोका घरोघर आला. दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ग्रुप अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून फौजदारी गुन्ह्यात सापडत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं, आणि तेव्हापासून ग्रुपमध्ये गप्प बसलं की सुटलो अशी समजूत पसरली. स्पर्धेच्या कायद्यात गप्प बसणं इतकं सुरक्षित नाही. लिथुआनियातल्या पर्यटन कंपन्या 'इट्युरास' नावाची एकच ऑनलाइन बुकिंग व्यवस्था वापरत. यापुढे सवलत तीन टक्क्यांपर्यंतच ठेवायची, असा संदेश त्या व्यवस्थेतून सगळ्यांना गेला. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये सांगितलं की ज्यांना हा संदेश कळला होता आणि ज्यांनी उघडपणे अंग काढून घेतलं नाही, तक्रार केली नाही किंवा वेगळी सवलत देऊन दाखवली नाही, ते त्या संगनमतात सामील आहेत असं धरता येईल. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्यातला विचार आपल्याकडेही मांडला जाऊ शकतो. म्हणून ग्रुपमध्ये कुणी 'उद्यापासून पाव किलो दीडशेच्या खाली कुणीच द्यायचा नाही' असं लिहिलं, तर लगेच 'मला हे मान्य नाही, माझा भाव मी ठरवीन' असं उत्तर द्यावं आणि ग्रुप सोडावा. शेजारधर्माला हे कठोर वाटेल, पण इथे भिडस्तपणा फार महाग पडतो.

यावर छोट्या विक्रेत्याचा आक्षेप रास्त आहे आणि तो कळकळीचा आहे. कमिशन, जाहिरातीचा खर्च, परत आलेल्या मालाचा भुर्दंड आणि सेलमधल्या सवलती यांत त्याचा नफा कापला जातो; मग दहा गरीब विक्रेत्यांनी मिळून किमान भाव ठरवला तर कुणाचं बिघडलं? बिघडतं गिऱ्हाइकाचं, आणि ते गिऱ्हाईकही बहुतेकदा तितकंच सामान्य असतं. शिवाय अकराव्या विक्रेत्याचं बिघडतं, जो नुकताच धंद्यात आला आहे आणि कमी भाव एवढंच ज्याचं भांडवल आहे. पण या विक्रेत्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं कारण नाही, कारण एकत्र येण्याच्या चांगल्या वाटा याच गिरणगावाने आणि गिरगावाने घालून दिल्या आहेत. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया प्रत्येकी स्वतंत्र धंदा करत होत्या, म्हणजे एकमेकींच्या प्रतिस्पर्धीच होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं ते सावकाराच्या आणि वाण्याच्या उधारीतून सुटण्यासाठी, बँकेचं कर्ज मिळवण्यासाठी. एकटीला बँकेने दारात उभं केलं नसतं. दुसरी वाट लिज्जतची. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. हजारो बहिणींच्या हातचा पापड एका भावाने विकला जातो आणि त्यात बेकायदा काही नाही, कारण विकणारी संस्था एक आहे. ऑनलाइन मसालेवाल्यांना एक भाव हवाच असेल, तर त्यांनी खरोखरची एक संस्था करावी, एका नावाने विकावं आणि नफा-तोटा एकत्र सोसावा. तितकं जमत नसेल तर परळला मिळून गोदाम घ्यावं, पाकिटं एकत्र छापून घ्यावीत, कुरियर कंपनीशी मिळून बोलावं. खऱ्या अर्थाने काम स्वस्त आणि चांगलं करणाऱ्या संयुक्त उपक्रमांना तिसऱ्या कलमातल्या त्या कडक गृहीतकातून सूट दिलेली आहे.

दुसरा आक्षेप जास्त कसदार आहे. बोलणं सुरू झालं की ते भावावर येणारच, तेव्हा विक्रेत्यांना एकमेकांपासून दूर ठेवणंच ग्राहकाच्या हिताचं नाही का? विक्रेत्यांना वेगळं ठेवल्याने भाव मोकळे राहतात, हे यातलं गृहीतकच टिकत नाही. ओला-उबरच्या प्रकरणात नेमका हा प्रश्न आला होता. हजारो चालक एकमेकांशी चकार शब्द न बोलता एकाच अल्गोरिदमने ठरवलेलं भाडं घेतात. चालकांमध्ये आपसांत समजूत झाल्याचं दिसत नाही, म्हणून हे संगनमत नव्हे, असा निर्णय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. म्हणजे विक्रेते पूर्ण मुके असतानाही भाव एका ठिकाणाहून ठरू शकतो. ही उणीव ओळखूनच स्पर्धा अधिनियमाच्या २०२३ च्या दुरुस्तीने, स्वतः त्या मालाचा धंदा न करता संगनमताला हातभार लावणाऱ्यालाही तिसऱ्या कलमात आणलं. अबोल्याने ग्राहकाचं रक्षण होतं, असं या अनुभवानंतर म्हणता येत नाही.

उलट बोलण्याने काय साधतं, याचा पुरावा समोर आहे. ऑल इंडिया ऑनलाइन व्हेंडर्स असोसिएशन ही ऑनलाइन विक्रेत्यांची संघटना. फ्लिपकार्ट काही मोजक्या विक्रेत्यांना झुकतं माप देते, अशी तक्रार तिने स्पर्धा आयोगाकडे केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये आयोगाने ती फेटाळली, पण मार्च २०२० मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने तो निर्णय बाजूला सारून चौकशी करायला सांगितलं. त्याआधी जानेवारीत, दिल्लीच्या व्यापारी महासंघाच्या तक्रारीवर आयोगाने अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट दोघांचीही चौकशी सुरू केली होती. कंपन्यांनी ती थांबवण्यासाठी कर्नाटक उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशी थांबवायला नकार दिला. हॉटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवरून एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगीच्या चौकशीचे आदेश निघाले. यातली एकही तक्रार एकट्या विक्रेत्याच्या बळावर उभी राहिलेली नाही, आणि ते स्वाभाविक आहे. एकसारख्या विक्रेत्यांना वेगवेगळी वागणूक दिली जात असेल तर तसं करारात लिहिलं पाहिजे, असं २०२० चे नियम कंपनीला सांगतात. पण वागणूक वेगळी आहे हे कळणार कसं? दोन विक्रेत्यांनी आपापले हिशेब शेजारी-शेजारी ठेवले तरच. कमिशन किती कापलं, पैसे किती दिवस अडकले, परत आलेला माल फुटका निघाला की नाही, खातं का बंद झालं: कंपनीशी घडलेल्या व्यवहाराची ही माहिती एकमेकांना सांगण्यात ग्राहकाचं काही जात नाही. उद्या आपण काय भाव लावणार, दिवाळीच्या सेलमध्ये किती सवलत देणार, किती माल भरणार, हे मात्र कुणी कुणाला सांगू नये.

एक जागा अजून अंधूक आहे, आणि तिथे कायद्यानेच पुढे यायला हवं. कमिशन कमी करा, असं विक्रेत्यांनी मिळून कंपनीला सांगायचं झालं, तर? ही सामुदायिक वाटाघाट झाली. आपल्याकडे ती करणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना स्पष्ट संरक्षण नाही. ऑस्ट्रेलियाने जून २०२१ पासून वार्षिक उलाढाल एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा कमी असलेल्या व्यवसायांना आपल्या पुरवठादाराशी किंवा खरेदीदाराशी मिळून वाटाघाट करण्याची सरसकट मुभा दिली, बहिष्काराची मात्र दिली नाही. असं करायला आपल्याला नवा कायदाही लागणार नाही. स्पर्धा अधिनियमाच्या चोपन्नाव्या कलमाखाली केंद्र सरकार एखाद्या वर्गाला सार्वजनिक हितासाठी सूट देऊ शकतं, आणि ते कलम धूळ खात पडलेलं नाही. कंटेनर वाहून नेणाऱ्या जहाज कंपन्यांना एकमेकींच्या जहाजांवर जागा वाटून घेण्याचे करार करता यावेत, म्हणून सरकारने याच कलमाखाली त्यांना तिसऱ्या कलमातून पुन्हा पुन्हा सूट दिलेली आहे. मुंबई बंदरात आणि न्हावा-शेवाला लागणाऱ्या जहाजांच्या मालकांना जे मिळत आलं, ते उलाढालीची मर्यादा घालून, वाटाघाट फक्त कमिशन, परतावा आणि पैसे सुटण्याच्या मुदतीपुरती ठेवून, विक्रीचा भाव त्यातून कटाक्षाने वगळून, दादर-लालबागच्या ऑनलाइन विक्रेत्यांनाही देता येईल. त्यासाठी केंद्र सरकारची एक अधिसूचना पुरेशी आहे, आणि ती मागण्यासाठी विक्रेत्यांना आधी एकमेकांना फोन करावे लागतील.